अकरा महिन्यांचा डॉक्टर

पहाटेचे चार वाजलेले. सासूबाईंच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज होतो. सूनबाई धावत जाते, तर त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या. अंग घामाने निथळते आहे, हात थरथरताहेत, बोलणे अडखळते आहे. साखर एकदम उतरली की असे होते, हे मागे एका डॉक्टरांनी समजावून सांगितलेले सुनेला नेमके आठवते. सासूबाईंना गिळता येते आहे याची खात्री करून ती पाण्यात चार चमचे साखर ढवळते आणि घोट घोट पाजते. पंधरा-वीस मिनिटांनी म्हातारीच्या डोळ्यांत ओळख परत येते. "काय गं, इतक्या पहाटे का उठलीस?" असे त्याच विचारतात.

सकाळी औषधांची पिशवी पलंगावर उलटी केल्यावर उलगडा होतो. दोन पाकिटे. एकावर एका कंपनीने दिलेले नाव, दुसऱ्यावर दुसऱ्या कंपनीचे. पण खाली बारीक अक्षरांत दोन्हीकडे तेच औषध छापलेले, ग्लिमेपिराइड. एक जुन्या डॉक्टरांनी लिहिलेले, दुसरे नव्या डॉक्टरांनी. सासूबाई महिनाभर दोन्ही घेत होत्या. त्यांना वाटले, नव्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. नव्या डॉक्टरांना वाटले, जुनी गोळी संपली असेल. आणि जुने डॉक्टर? त्यांचा करार संपला होता.

हे घर होसकोट्यातले आहे असे समजा. त्याला नाव देण्याची गरज नाही, कारण ही कहाणी एका घराची नाही. बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेला निघाले की तासाभरात हे तालुक्याचे गाव लागते. होसकोटे म्हणजे नवा कोट. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत हा होसकोटे-कोलारचा मुलूख होता, त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका नाही. आज मात्र इथे येणारा मराठी माणूस कारखान्यासाठी येतो. व्होल्वोने १९९८ मध्ये इथे मालमोटारी बांधायला सुरुवात केली. आसपास औद्योगिक वसाहत वाढली, गोदामे उभी राहिली. बंगळूरची हौशी मंडळी रविवारी पहाटे उठून इथल्या मटण बिर्याणीच्या रांगेत येऊन उभी राहतात. त्याच गावात सोमवारी सकाळी दुसऱ्याच रांगा लागतात, हातात केसपेपर आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन.

सुनेचा नवरा इथल्या एका कारखान्यात आहे. त्याच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते, म्हणून विमा दवाखाना आहे. तिथे औषध नसेल किंवा गर्दी असेल तर तालुक्याचे सरकारी रुग्णालय आहे. रात्री-बेरात्री गल्लीतला खासगी डॉक्टर आहे. म्हणजे डॉक्टर नाहीत असे नव्हे. सासूबाईंची तक्रार वेगळीच आहे. "इथे दवाखाना तोच असतो गं, डॉक्टर दर वेळी नवा."

लालबागचा पॅनेल डॉक्टर

सासूबाईंना ही गोष्ट एवढी खुपते, कारण त्यांनी उलटे चित्र पाहिलेले आहे. त्यांचे यजमान मुंबईत गिरणी कामगार. लालबागला चाळीत राहत. चाळीपासून पाच मिनिटांवर त्यांचा 'पॅनेल डॉक्टर' होता. तो सरकारी नोकर नव्हता. त्याचा स्वतःचा दवाखाना होता, रोख पैसे देणारे रुग्ण होते आणि शिवाय त्याच्या यादीत गिरणी कामगारांची शेकडो कुटुंबे होती. या कुटुंबांकडून तो पैसे घेत नसे. त्यांच्यासाठी त्याला राज्य कामगार विमा योजनेकडून, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ईएसआयकडून, वर्षाला डोईमागे ठरावीक रक्कम मिळे. कामगार वर्षातून वीस वेळा आला काय किंवा एकदाही आला नाही काय, रक्कम तीच.

ही कल्पना आपल्याकडे कशी आली, ते पाहण्यासारखे आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, मार्च १९४३ मध्ये, सरकारने औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली इथे एकदम योजना सुरू झाली. पहिल्या दिवशी सुमारे १ लाख २० हजार कामगार तिच्यात होते. कानपूरच्या समारंभात पंडित नेहरूंना योजनेचे पहिले मानद विमेदार करण्यात आले. मुंबईत ती १९५४ मध्ये पोहोचली, बंगळूरला १९५८ मध्ये.

कामगारांवर उपचार करणारे डॉक्टर आणायचे कुठून, हा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता. त्याला दोन उत्तरे निघाली. एक, सरकारने दवाखाने उघडावेत आणि पगारी डॉक्टर नेमावेत. दोन, गावात आधीपासून बसलेल्या खासगी डॉक्टरांशीच करार करावा. मुंबईत जागा मिळणे कठीण आणि डॉक्टर मात्र गल्लोगल्ली, तेव्हा मुंबईने दुसरा मार्ग धरला. बंगळूरच्या बाजूला पहिला मार्ग रुळला. सासूबाई एका पद्धतीतून दुसरीत आल्या आहेत. योजना तीच, वर्गणी तीच, दरवाजा मात्र वेगळा.

पॅनेलच्या करारात एक अट फार शहाणपणाची होती. एका डॉक्टरच्या यादीत जास्तीत जास्त दोन हजार विमेदार कुटुंबे, त्यापुढे नाही. आणि डॉक्टर निवडायचा कामगाराने. पटले नाही तर नाव काढून दुसऱ्याच्या यादीत घालता येई. डॉक्टरला ठाऊक असे की हे घर आपल्या यादीत आहे, उद्या येणार आहे आणि दहा वर्षांनीही येणार आहे. म्हणून यजमानांचा खोकला कुठल्या खात्यातल्या कापसाच्या धुळीचा, मुलाला कोणते इंजेक्शन सोसत नाही, थोरल्या जावेच्या घरात मधुमेह आहे, हे सगळे त्याच्या डोक्यात साठत जाई. केसपेपर हरवला तरी डॉक्टर हरवत नसे.

मात्र सासूबाईंच्या आठवणीवर सगळा हवाला ठेवू नये. गेलेल्या दिवसांना माणूस तूप लावूनच वाढतो. पॅनेल डॉक्टरांबद्दल कुरकूर होतीच. डोईमागे पैसे आधीच ठरलेले, म्हणजे यादीतल्या रुग्णाला वेळ जितका कमी द्यावा तितका फायदा. रोख पैसे देणारा आत आणि कार्डवाला बाकावर, असेही घडे. जरा अवघड दुखणे दिसले की चिठ्ठी लिहून मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करायचे, हा सोपा मार्ग होता. आणि सगळ्यांत नाजूक बाब आजारपणाच्या दाखल्याची. या योजनेत आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, पण त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. दाखला नाकारला तर कामगार नाव काढून शेजारच्या डॉक्टरकडे जाणार. अशा वेळी डॉक्टरची लेखणी सैल पडणे हा मनुष्यस्वभाव झाला.

शिवाय हा सगळा डोलारा नोकरीवर उभा होता. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांतल्या कितीतरी जणांची गिरणी पुन्हा सुरूच झाली नाही. वर्गणी थांबली की काही महिन्यांनी उपचाराचा हक्कही संपतो. घरात कमाई नाही, चिंतेने दुखणी वाढलेली, अशा नेमक्या वेळी पॅनेल डॉक्टरच्या यादीतून नाव गळणार! चाळीतल्या बायकांनी हा काळ कसा काढला असेल, याचा हिशेब कुठल्याही अहवालात सापडायचा नाही.

पैसे कशाचे मोजायचे?

सरकार डॉक्टरशी करार करते तेव्हा नेमके काय विकत घेते? प्रश्न साधा वाटतो, पण सगळी गोम त्यात आहे. महिन्याचा पगार दिला तर डॉक्टरची हजेरी विकत घेतली जाते. रुग्णामागे पैसे दिले तर रुग्णांची संख्या विकत घेतली जाते. डोईमागे वर्षाचे पैसे दिले तर जबाबदारी विकत घेतली जाते, निदान कागदावर तरी. यांतला एकही मार्ग निर्दोष नाही. दोष प्रत्येकाचे वेगळे, इतकेच.

डोईमागे पैसे देण्याची रीत ब्रिटनमध्ये जुनी. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने तिथे कामगारांसाठी पॅनेल डॉक्टर आले, आणि 'पॅनेल' हा शब्द तिकडूनच आपल्या चाळींत शिरला. त्या कायद्यातली एक गोष्ट गृहिणींनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. उपचाराचा हक्क फक्त कमावत्या विमेदाराला होता. त्याची बायको, त्याची मुले बाहेर. घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी आणि सगळ्यांत शेवटी डॉक्टरकडे जाणारी बाई तिथेही होतीच. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कुठे तिला स्वतःचा डॉक्टर मिळाला. आपल्या ईएसआयनेही आरंभी कामगारालाच उपचार दिले आणि कुटुंबीयांना पुढे हळूहळू सामावून घेतले.

ब्रिटनमधला कुटुंबाचा डॉक्टर आजही बहुतेक ठिकाणी सरकारी नोकर नाही, करारदार आहे. पण त्याच्या करारात प्रत्येक माणसाचे नाव कुणा ना कुणा दवाखान्याच्या यादीवर असते. डोईमागच्या पैशाने डॉक्टर आळसावतात म्हणून २००४ च्या करारात तिथे कामाचे गुण मोजायला सुरुवात झाली. मधुमेहाच्या किती रुग्णांची साखर आटोक्यात, किती जणांचा रक्तदाब वर्षात मोजला, यावर जादा पैसे. त्याने काही कामे सुधारली. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाकडे पाहण्याऐवजी संगणकाच्या पडद्याकडे पाहतात, ही तक्रारही त्याबरोबर आली.

आपल्याकडे रुग्णामागे पैसे देण्याचा मोठा प्रयोग दिल्लीच्या मोहल्ला क्लिनिकमध्ये झाला. २०१५ मध्ये ती सुरू झाली. डॉक्टरांना तपासलेल्या रुग्णामागे आधी ३० आणि पुढे ४० रुपये मिळत. घराजवळ फुकट उपचार मिळाल्याने गरीब वस्त्यांतल्या बायकांची मोठी सोय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण डोळ्यांपुढे साधे गणित मांडा. चार तासांत शंभर रुग्ण आले तर एकाच्या वाट्याला अडीच मिनिटेही येत नाहीत. अडीच मिनिटांत सर्दीची गोळी लिहिता येते. पिशवीतली दोन पाकिटे काढून त्यांवरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत.

आता होसकोट्याकडे परत येऊ. कर्नाटकात सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तीन वाटांनी येतो. पहिला कायमचा सरकारी डॉक्टर. तो हवाच असतो, पण बदली त्याच्या मागे लागलेली असते. दुसरा नुकताच एमबीबीएस झालेला तरुण किंवा तरुणी. वैद्यकीय शिक्षण संपल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करण्याचा कायदा कर्नाटकाने २०१२ मध्ये केला आणि त्यातून कितीतरी खेड्यांना डॉक्टर मिळाले. मुले हुशार असतात, मनापासून कामही करतात. परंतु गावाची ओळख होईपर्यंत वर्ष सरते आणि ती पुढच्या परीक्षेच्या अभ्यासाला निघून जातात. त्यांना दोष कसा द्यायचा?

तिसरा कंत्राटी डॉक्टर. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आल्यापासून देशभर, महाराष्ट्रातही, कंत्राटी डॉक्टर आणि परिचारिका यांची संख्या वाढत गेली. अकरा महिन्यांचा करार, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा करार, हा प्रकार मराठी घरांना भाड्याच्या कागदामुळे चांगला ओळखीचा आहे. भाडेकरूने कायमचा हक्क सांगू नये म्हणून घरमालक जी युक्ती करतो, तीच सरकारने डॉक्टरांवर केली. आणि भाडेकरू जसा परसात आंब्याचे रोप लावत नाही, तसा हा डॉक्टरही गावात मुळे धरत नाही. का धरावीत?

जुलै २०२० मध्ये करोनाचा कहर चालू असताना कर्नाटकातल्या सुमारे पाचशे कंत्राटी डॉक्टरांनी राजीनाम्याचा इशारा दिला. ते वर्षानुवर्षे कंत्राटावर होते. महिन्याला ४५ हजार रुपये मिळत. सरकारने ते ६० हजार केले. पण त्यांची मुख्य मागणी पगाराची नव्हतीच. आम्हाला कायम करा, असे ते म्हणत होते. आपल्या घरात आपण सारखे म्हणतो की डॉक्टर टिकत नाहीत. इथे पाचशे डॉक्टर सांगत होते की आम्हाला टिकायचे आहे!

त्यानंतर १४ डिसेंबर २०२२ रोजी हुबळीत 'नम्म क्लिनिक'चे उद्घाटन झाले. नम्म म्हणजे आपले. शहरी वस्त्यांसाठी राज्यभर अशी ४३८ क्लिनिके उघडण्याचा बेत होता. प्रत्येकात एक डॉक्टर, एक परिचारिका, एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि एक मदतनीस. कल्पना उत्तम, नावही गोड. पण इथेही माणसे नेमली ती बहुतांशी कंत्राटानेच. क्लिनिक आपले आणि डॉक्टर मात्र उसना, अशी ही गंमत.

गुंबळ्ळीचा प्रयोग

कंत्राट म्हटले की वाईटच, असा याचा अर्थ नाही. याच कर्नाटकात एक वेगळा करार झाला होता आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. आताच्या चामराजनगर जिल्ह्यात येळंदूर तालुका आहे. बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिग आदिवासींमध्ये काम करणारे डॉ. एच. सुदर्शन यांनी १९८६ मध्ये करुणा ट्रस्ट ही संस्था काढली. येळंदूरमध्ये कुष्ठरोगाचे प्रमाण फार होते, त्यावर संस्थेने काम केले. १९९६ मध्ये सरकारने त्या तालुक्यातले गुंबळ्ळीचे प्राथमिक आरोग्य केंद्रच संस्थेच्या हवाली केले.

प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे साधारण तीस हजार लोकवस्तीचा दवाखाना. इमारत सरकारची, पैसा मुख्यतः सरकारचा, उपचार फुकट, पण चालवणार संस्था. इथे करार एकेका डॉक्टरशी नव्हता, संस्थेशी होता. एक डॉक्टर गेला तर दुसरा आणणे, त्याला गावाची ओळख करून देणे, परिचारिका जागेवर आहे की नाही ते पाहणे, हे संस्थेच्या अंगावर. गुंबळ्ळीचे नाव झाले. संस्थेकडे राज्यातली आणखी केंद्रे आली, पुढे अरुणाचल प्रदेशातलीही आली. २००८ मध्ये कर्नाटक सरकारने 'आरोग्य बंधू' नावाने ही रीत पसरवली आणि वेगवेगळ्या संस्था व वैद्यकीय महाविद्यालये यांना केंद्रे चालवायला दिली.

इथे मात्र माशी शिंकली. गुंबळ्ळीमागे एका तालुक्यात दहा वर्षे पायपीट केलेली माणसे होती. तशी माणसे करारपत्रात लिहून मिळत नाहीत. सगळ्या संस्था सारख्या नसतात, आणि केंद्र कोण कसे चालवतो हे तपासणारा सरकारी अधिकारीही सारखाच जागरूक असेल असे नाही. शिवाय संस्थांचीही गाऱ्हाणी होती. शेवटी २०१६ मध्ये ही केंद्रे परत आपल्याकडे घ्यायचे सरकारने ठरवले. आरोग्य ही सरकारची जबाबदारी, ती दुसऱ्याच्या गळ्यात का बांधायची, हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण परत घेतलेल्या केंद्रात बसवायला सरकारजवळ डॉक्टर कोणते होते? पुन्हा तेच तिघे. बदलीवाला, वर्षाचा आणि अकरा महिन्यांचा.

सरकारी की खासगी, कायम की कंत्राटी, यावर आपल्याकडे तावातावाने भांडण होते. होसकोट्यातल्या त्या पलंगावर पालथ्या झालेल्या पिशवीपुढे हे भांडण फोल वाटते. मुंबईचा पॅनेल डॉक्टर खासगी होता, पण टिकला. गुंबळ्ळीचा डॉक्टर संस्थेचा होता, पण त्याच्यामागे टिकणारे कुणीतरी होते. या दोन्ही करारांत एक गोष्ट सारखी होती. अमुक इतकी घरे तुझी, असे कुणालातरी सांगितलेले होते. आजच्या कंत्राटात डॉक्टरची पदवी, वेळ, पगार, रजा सगळे लिहिलेले असते. कोणती घरे त्याची, हे लिहिलेले नसते. आणि करार संपताना त्या घरांची माहिती पुढच्या डॉक्टरच्या हाती कशी द्यायची, त्याचीही ओळ नसते. बँकेतला रोखपालसुद्धा टेबल सोडताना शिल्लक मोजून देतो. डॉक्टर मात्र खुर्ची सोडतो आणि पाचशे मधुमेही वाऱ्यावर जातात.

हे काम खरे तर सरकारचे. मग तोवर सुनेने काय करावे?

पिशवीतली वही

पहिले म्हणजे घरातली यादी नीट करावी. विमेदार कामगाराची नोंदणी होते तेव्हा त्याच्यासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी दवाखाना नोंदवला जातो. घरचे दुसऱ्या गावी राहत असतील तर तिथला दवाखाना नोंदवण्याची सोय असते. बदली होऊन, घर बदलून वर्षे लोटतात आणि नोंद मात्र जुन्याच जागी राहते. आई-वडिलांची मिळकत ठरलेल्या मर्यादेत असेल तर त्यांची नावे कुटुंबात येतात. अनेक घरांत ती घातलेलीच नसतात आणि आठवण येते ती थेट रुग्णालयाच्या खिडकीपाशी. नवऱ्याच्या कंपनीतल्या कार्यालयात एकदा जाऊन कुणाकुणाची नावे आहेत ते विचारून यायला अर्धा दिवस लागतो. तो घालवावा.

दुसरे, पगारवाढीच्या वेळी सावध राहावे. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेसाठी महिन्याच्या पगाराची मर्यादा २१ हजार रुपये ठरली. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के, असे मिळून चार टक्के भरले जातात. म्हणजे वीस हजार पगारावर नवऱ्याच्या खिशातून जातात दीडशे रुपये. पगार मर्यादेच्या वर गेला तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा चालू सहामाहीचा काळ पुरा होईपर्यंत वर्गणी चालू राहते, मग थांबते. हजार रुपयांच्या वाढीचे पेढे वाटताना आईच्या औषधाचा महिन्याचा खर्च कितीवर जाणार आहे, त्याचाही हिशेब त्याच रात्री मांडावा. खासगी विमा घ्यायचा तर वय आणि मधुमेह पाहून हप्ता किती पडेल, ते आधी विचारावे.

तिसरे आणि सगळ्यांत स्वस्त, एक शंभर पानी वही. डाव्या पानावर तारीख, साखर, रक्तदाब, वजन. उजव्या पानावर औषध. पण औषधाचे कंपनीने दिलेले नाव नव्हे, तर पाकिटावर बारीक अक्षरांत असते ते मूळ नाव आणि मिलिग्रॅम. कोणते चालू, कोणते बंद, कुणी बंद केले. सासूबाईंना कोणत्या औषधाची पित्त उठते ते पहिल्या पानावर लाल शाईने. संगणकावर सगळे असते असे दवाखान्यात सांगतील आणि कधी असेलही. पण तालुक्याच्या रुग्णालयातला संगणक विमा दवाखान्यातल्या संगणकाशी बोलतो असे गृहीत धरू नये, आणि गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे तर यातले काहीच नसते. नवी चिठ्ठी मिळाली की औषध देणाऱ्याला एवढेच विचारावे, "यातले काही आमच्या वहीत आधीच आहे का?" ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी दोनदा पोटात जाणे किती धोक्याचे असते, ते त्या पहाटे सुनेने पाहिलेच आहे.

परक्या भाषेच्या गावात या वहीचा आणखी एक उपयोग होतो. सासूबाईंना कन्नड येत नाही, हिंदी मोडकी. 'चक्कर येते' म्हणताना त्यांना घेरी म्हणायचे असते की डोळ्यांपुढे अंधारी, हे लालबागच्या डॉक्टरला न सांगता कळे. इथे ते आकड्यांनी सांगावे लागते. आकडे सगळ्या भाषांत सारखेच.

पुढच्या सोमवारी सासू-सुना रांगेत बसतात. आत पुन्हा नवा चेहरा. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप. ती वही हातात घेते, पाने मागे उलटते, लाल शाईवर बोट ठेवून थांबते. मग सासूबाईंचे पाय तपासते, बोटांमध्ये बधिरपणा आहे का विचारते. हे कुणीच विचारले नव्हते. निघताना सासूबाई सुनेला कोपराने ढोसतात. विचार ना तिला. सून संकोचते, पण शेजारणीकडून शिकलेल्या कन्नडमध्ये विचारते, "एष्टु दिन इर्तीरा, मेडम?" किती दिवस आहात?

डॉक्टर हसते. "मार्च वरेगू." मार्चपर्यंत.

सून वहीच्या उजव्या पानावर तेही लिहून ठेवते.